शुगर, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि बर्फ: स्कीइंगचं संरक्षक साहित्य कोणत्या क्रमानं निवडायचं

गुलमर्ग किंवा औलीचं बुकिंग झालं की नागपूरचा माणूस आधी सीताबर्डीत जाऊन जॅकेट घेतो. मग हातमोजे, मग गॉगल, मग फोटोत बरी दिसेल अशी टोपी. निघायला चार दिवस उरले की आठवतं, आपल्याला शुगर आहे. मग डॉक्टरांना फोन जातो, "सर, चालेल ना?" हा क्रम उलटा आहे आणि बहुतेक चुका त्यातूनच होतात. आजार असलेल्या माणसाचं साहित्य दुकानात ठरत नाही. आपला आजार शरीरातून काय काढून घेतो, यावर ते ठरतं.

खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. मधला एखादा वगळला तर पुढची खरेदी अंदाजानं होते.

टप्पा १: जॅकेटच्या आधी डॉक्टर (निघण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी)

"स्कीइंगला जाऊ का?" असं विचारलं की "जा, पण जपून" एवढंच उत्तर मिळतं. त्यातून खरेदीची यादी निघत नाही. डॉक्टरांना परिस्थिती सांगा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा टप्पा ३,९०० मीटरच्याही पुढे. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरमध्ये येतात. तापमान शून्याखाली, दिवसाला चार-पाच तास श्रम, नवशिक्याचं पडणं ठरलेलं, आणि मोठं रुग्णालय बर्फाच्या रस्त्यानं काही तासांवर. हे सगळं ऐकवून तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या औषधाची वेळ किंवा मात्रा बदलायची, किती उंचीपर्यंत जायचं, आणि कोणतं लक्षण दिसलं की त्याच क्षणी खाली उतरायचं.

काही जणांसाठी साहित्याचा प्रश्न इथेच संपतो, आणि तसा तो संपू द्यावा.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, तरी थंडीच्या सहलीचा बेत करताना तो कोणाला आठवत नाही. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, दमणं आणि विरळ हवा ही चारही सिकलसेलचा त्रास उसळवणारी कारणं आहेत आणि स्कीइंगमध्ये चारही एकत्र येतात. 'एसएस' पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर कितीही उबदार कपडे त्यावर उपाय ठरत नाहीत. 'एएस' म्हणजे वाहक असाल तर एरवी काही जाणवत नाही, पण उंचीवर प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक दुखू लागलं तर वाट न पाहता खाली उतरून रुग्णालय गाठायचं. आपला पॅटर्न माहीत नसेल तर जाण्याआधी मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत रक्त तपासून घ्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एक गोष्ट नीट समजून घ्या. हेल्मेट कवटी वाचवतं, डोक्याच्या आत सुरू झालेला रक्तस्राव थांबवत नाही. बहुतेक डॉक्टर अशा रुग्णाला उतारावर जाऊ देत नाहीत आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

सावध: सहलीपुरत्या या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. पडण्याचा धोका टाळायला जाल आणि गुठळीचा ओढवून घ्याल.

डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायू भरला असेल तर तो विरघळेपर्यंत विमानही नाही आणि डोंगरही नाही. अलीकडे आकडी आली असेल, हृदयात नुकताच स्टेंट बसला असेल, तरी आधी डॉक्टरांची स्पष्ट परवानगी हवी.

टप्पा २: आजार काय काढून घेतो, ते कागदावर लिहा

आजाराचं नाव बाजूला ठेवा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. पायाच्या बोटांना दाब आणि चटका कळतो का? थंड हवा छातीत गेली की श्वास अडकतो का? हाडं ठिसूळ झाली आहेत का, किंवा गुडघ्याची जुनी दुखापत आहे का? भान जाण्याची शक्यता आहे का, मग ते शुगर पडून असो की आकडीनं? आणि अंगावर किंवा अंगात एखादं यंत्र आहे का: इन्सुलिन पंप, शुगरचा सेन्सर, पेसमेकर, श्रवणयंत्र?

दोन माणसांना सारखीच 'शुगर' असू शकते. एकाच्या पायाची संवेदना गेलेली असते, दुसऱ्याची शाबूत असते पण तो पंप लावतो. पहिल्याचा पैसा आणि वेळ बुटावर जायला हवा, दुसऱ्याचा कपड्यांच्या थरांवर आणि खिशांवर. दोघांनी एकच यादी घेऊन खरेदी केली तर दोघांचीही चुकते.

तपासा: प्रत्येक 'हो'च्या पुढे कोणतं साहित्य ते काम करणार, हे लिहिलंय का? पुढे काहीच लिहिता येत नसेल तर तो प्रश्न पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

टप्पा ३: काय नागपुरात घ्यायचं, काय तिथे भाड्यानं

स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड), काठ्या आणि बूट तिथे भाड्यानं मिळतात. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, मोजे, आतले कपडे आणि तोंडावरचं आवरण मात्र स्वतःचं घ्या. ही यादी स्वच्छतेसाठी नाही, मापासाठी आहे. चष्मा, श्रवणयंत्र, सेन्सर, गुडघ्याचा पट्टा हे सगळं घालून आधी वापरून पाहिलेलं साहित्यच उतारावर उपयोगी पडतं, आणि भाड्याच्या दुकानात रांग मागे उभी असताना ते पाहणं होत नाही.

टप्पा ४: बूट आणि मोजे

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा असतो आणि त्याचं माप सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं. नेहमीच्या बुटाचा नंबर सांगू नका. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर उभं राहून टाच ते सर्वात लांब बोट हे अंतर मोजा. दोन्ही पायांचं मोजा आणि मोठं माप धरा.

दुकानात बुटाचा आतला मऊ भाग काढायला सांगा. रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवली की टाचेमागे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहायला हवी. संवेदना कमी असलेला माणूस 'थोडा सैल बरा' म्हणून मोठा बूट मागतो आणि तिथेच फसतो. सैल बुटात टाच वर-खाली घासते, फोड येतो आणि त्याला कळतही नाही. मग पाय हलू नये म्हणून तो बकल घट्ट आवळतो आणि उरलेला रक्तपुरवठाही कमी करतो.

मोजा एकच, गुडघ्याखालपर्यंत येणारा, पातळ किंवा मध्यम जाडीचा, लोकरीच्या किंवा कृत्रिम धाग्याचा. सुती नको. दोन मोजे चढवणं ही आपल्याकडची पक्की सवय आहे. दोन मोज्यांमध्ये वळी पडते, बूट आवळतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. आतल्या पँटची कडही बुटात जाऊ देऊ नका. बुटात फक्त मोजा आणि पाय.

सावध: पायाला चटका कळत नसेल तर बॅटरीवर तापणारे मोजे किंवा उष्णतेच्या पुड्या बुटात घालू नका. या पुड्या ५० अंशांच्या पुढे तापू शकतात. कातडी भाजते आणि मोजा काढल्यावरच दिसते.

तपासा: बूट घालून दुकानातच पंधरा मिनिटं उभं राहा आणि चाला. मग काढून पाय बघा. लाल डाग दाबल्यावर फिका होऊन परत भरत असेल आणि काही मिनिटांत मावळत असेल तर ठीक. टिकून राहिला तर दुसरा बूट मागा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

टप्पा ५: हेल्मेट आणि गॉगल एकत्रच निवडा

स्कूटरचं हेल्मेट चालणार नाही, मग त्यावर आयएसआयचा शिक्का असो वा नसो. ते जड असतं, आवाज अडवतं, आणि त्याची चाचणी दुसऱ्या प्रकारच्या अपघातासाठी होते. सायकलचंही नको. आतल्या लेबलवर 'ईएन १०७७' किंवा 'एएसटीएम एफ २०४०' हे मानक शोधा. ईएन १०७७ मध्ये 'ए' वर्ग डोक्याचा जास्त भाग झाकतो. 'बी' वर्गात कानावर मऊ आवरण असतं, त्यामुळे ऐकू बरं येतं. श्रवणयंत्र असेल तर 'बी' सोयीचं, पण यंत्र लावूनच घालून पाहा, नाहीतर शिट्टी वाजत राहते. या चाचण्या ताशी साधारण २० किलोमीटर वेगाच्या आघातावर बेतलेल्या असतात. उतारावर नवशिक्याही सहज त्याच्या पुढे जातो, तेव्हा हेल्मेटच्या भरवशावर वेग वाढवू नका.

भुवयांच्या एक सेंटिमीटर वरून टेप फिरवून डोक्याचं माप घ्या. हेल्मेट घालून, पट्टा न लावता, मान जोरात हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलायला हवी. आत लोकरीची टोपी घालू नका, तिच्यामुळे माप बिघडतं.

गॉगल घेताना हेल्मेट सोबत न्या. दोघांच्या मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहत असेल तर ती जोडी परत ठेवा. चष्मेवाल्यांसाठी चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात, ते स्वतःचा चष्मा घालूनच बघा. काचेचा दर्जा एस० ते एस४ असा लिहिलेला असतो. उन्हाच्या दिवसाला एस३, ढगाळ हवेला एस१ किंवा एस२. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ढग असले तरी गॉगल उतरवायचा नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्रमाचं काहीही नको.

सावध: काही गॉगलची काच चुंबकानं बसते. पेसमेकर असेल तर असा गॉगल किंवा त्याची जादा काच छातीच्या खिशात ठेवू नका. मोबाइललाही हाच नियम. चुंबक पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर हवं.

टप्पा ६: हात

बोटं पांढरी-निळी पडण्याचा त्रास असेल किंवा रक्ताभिसरण कमी असेल तर पाच बोटांचे हातमोजे सोडा आणि चारही बोटं एकत्र ठेवणारे मिटन घ्या. एकमेकांना टेकलेली बोटं जास्त वेळ उबदार राहतात. अडचण एवढीच की मिटन घालून काहीच करता येत नाही. म्हणून आत पातळ हातमोजा घाला आणि मिटन मनगटाला दोरीनं बांधा, म्हणजे इनहेलर किंवा ग्लुकोमीटर काढताना ते उतारावरून निसटणार नाही.

काठीच्या पट्ट्यात हात अडकवून पडलं तर अंगठ्याच्या सांध्याचा अस्थिबंध फाटू शकतो. ही स्कीइंगची नेहमीची दुखापत आहे. हाडं ठिसूळ असतील तर पट्टा न घालताच काठी धरा. काठी हरवली तर नवी मिळते.

टप्पा ७: कपड्यांचे थर आणि खिशांचा नकाशा

थर तीनच: आत घाम शोषून बाहेर सोडणारा, मध्ये ऊब धरणारा फ्लीस, बाहेर पाणी आणि वारा अडवणारा. आतला सुती बनियन घरीच ठेवा. ओला झाला की वाळत नाही आणि अंग गार पाडतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चुकतात ते खिसे.

इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. परत वितळवून वापरायचं नाही, दिसायला ठीक असलं तरीही नाही. म्हणून ते बाहेरच्या जॅकेटच्या खिशात किंवा पाठीवरच्या पिशवीत नको. पण थेट कातडीला चिकटूनही नको, तिथे ते जास्त तापतं. मधल्या थराचा आतला खिसा ही त्याची जागा. ग्लुकोमीटर, इनहेलर आणि सेन्सर वाचणारा मोबाइलही तिथेच. थंडीत मोबाइलची बॅटरी पटकन मान टाकते आणि मग सेन्सर असूनही आकडा दिसत नाही.

पंप लावत असाल तर नळी पूर्णपणे आतल्या थराखाली घ्या. बाहेर डोकावणाऱ्या नळीत इन्सुलिन गोठतं. पंप कमरेच्या बाजूला लावू नका, पडल्यावर पहिला मार तिथेच बसतो. पाठीच्या संरक्षकाखालीही नको. तेवढ्या दिवसांपुरतं पंप सोडून इन्सुलिनच्या पेनवर येणं जमेल का, हे टप्पा १ मध्येच विचारून ठेवा. दंडावरचा सेन्सर घट्ट बाहीखाली दाबला गेला तर आकडा खोटा कमी येऊ शकतो.

आता साखरेबद्दल. नागपूरकर संत्रा बर्फी घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही, आणि शुगर पडली तर बर्फी आहेच, असं ऐकू येतं. बर्फीत दूध-खवा असतो आणि त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पडलेल्या शुगरला १५ ग्रॅम ग्लुकोज लागतं, गोळ्या किंवा पूड. पुड्या आधीच मोजून बांधा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बर्फी हॉटेलवर संध्याकाळी खा, तीही डॉक्टर हो म्हणत असतील तर.

सावध: संत्रं सोलून त्याच बोटानं शुगर तपासली तर रस लागल्यामुळे आकडा खोटा जास्त येतो. पडलेली शुगर झाकली जाते. हात धुवा, नाहीतर ओल्या कपड्यानं पुसून कोरडे करा आणि मगच टोचा.

आणखी एक. थंडीनं काकडणं आणि शुगर पडल्याचं थरथरणं सोबतच्या माणसाला वेगळं ओळखता येत नाही, बरेचदा स्वतःलाही नाही. नियम ठरवून टाका: अंग थरथरलं की आधी तपासणी, मग चहा.

टप्पा ८: श्वास

दमा असेल तर नाका-तोंडावर आवरण हवं, म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल पुढच्या श्वासाला मिळते. साधा मफलर ओला होऊन बर्फासारखा कडक होतो. लवकर वाळणाऱ्या कापडाचे दोन बफ (गळ्यातून नाकापर्यंत ओढायची कापडी नळी) घ्या, दुपारी बदला. आवरण असं बसवा की वाफ गॉगलमध्ये चढणार नाही. आराम देणारं इनहेलर थंड पडलं तर फवारा नीट येत नाही, म्हणून वर सांगितलेल्या खिशातच ठेवा. उतारावर जाण्यापूर्वी ते घ्यायचं का, हे डॉक्टर सांगतील.

टप्पा ९: पाठ, माकडहाड, गुडघा आणि बाइंडिंग

पाठीच्या संरक्षकावर 'ईएन १६२१-२' आणि पातळी १ किंवा २ लिहिलेली असते. पातळी २ आघात जास्त अडवते पण थोडी जाड असते. हाडं ठिसूळ असतील तर त्यासोबत माकडहाड आणि खुब्यावर गादी असलेली आतली चड्डी घ्या. नवशिक्या बसल्यासारखा मागे पडतो, त्यामुळे मार तिथेच बसतो.

गुडघ्याचा पट्टा घालायचा असेल तर तो घालूनच बाहेरची पँट विकत घ्या. नाहीतर पँट चढत नाही आणि पट्टा हॉटेलवरच राहतो.

पण पट्ट्याइतकंच लक्ष बाइंडिंगकडे द्या. पडताना बूट स्कीपासून वेळेवर सुटला तर पाय पिळला जाण्याचा धोका कमी होतो. त्याचं सेटिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यावरून ठरतं, आणि मानक तक्त्यात ५० वर्षांपासून पुढे सेटिंग सौम्य धरलं जातं. इथे वय लपवू नका आणि वजन कमी सांगू नका. 'नवशिका' असंच सांगा, मागच्या वर्षी एकदा येऊन गेला असाल तरी. नुसतं वजन विचारून स्क्रू फिरवणारा भेटला तर बाकीची माहिती स्वतःहून द्या, आकडा लिहून घ्या, आणि सोबतच्या अनुभवी मित्राला त्याला हात लावू देऊ नका.

टप्पा १०: नागपुरातली तालीम

साहित्य आलं की ते कपाटात ठेवू नका. खोलीतला एसी १८ अंशांवर लावा, सगळे थर, हेल्मेट, गॉगल, हातमोजे चढवा आणि ही कामं करून पाहा: इनहेलर काढून वापरणं, शुगर तपासणं, ग्लुकोजची पुडी फोडणं, फोन लावणं. एक मिनिटाच्या आत जमलं नाही तर खिसा बदला. ग्लुकोजची पुडी आणि सोबत न्यायचं खाणं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी जे दाताला दगडासारखं लागेल ते घरीच राहील. डिसेंबरच्या पहाटे सेमिनरी हिल्सचा चढ याच कपड्यांत चढून या. आतला थर चिंब झाला तर मधला थर जाड आहे.

कोणालाही भान जाण्याचा धोका असेल तर ही तालीम सोबत येणाऱ्याबरोबर करा. कोणता खिसा, कोणतं औषध, आधी काय, हे त्याच्या हातांनी झालं पाहिजे.

टप्पा ११: पिशवी आणि प्रवास

औषधं, इन्सुलिन, ग्लुकोमीटर आणि पॉवर बँक विमानात हातातल्या पिशवीत. तापणाऱ्या हातमोज्यांच्या सुट्या बॅटऱ्याही तिथेच, त्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत. औषधांचे दोन भाग करा, एक सोबतच्या माणसाकडे. मनगटावर आजाराचं नाव आणि संपर्काचा नंबर लिहिलेला पट्टा हवा, हिंदी आणि इंग्रजीत. बर्फावर मदतीला येणाऱ्याला मराठी वाचता येईलच असं नाही. विम्यात साहसी खेळ आणि आधीचा आजार हे दोन्ही धरलेत का, ते पैसे भरण्यापूर्वी वाचा.

नागपूरहून विमानानं श्रीनगरला उतरून त्याच संध्याकाळी गुलमर्ग गाठू नका. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आहे, एक रात्र तिथे काढा. शरीराला उंचीची सवय लावणारं साहित्य दुकानात मिळत नाही.

टप्पा १२: बर्फावरचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी खालच्या सौम्य उतारावरच थांबा. गोंडोलाचा वरचा टप्पा पहिल्या दिवसासाठी नाही. प्रशिक्षकाला आजार सुरुवातीलाच सांगा. उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यात (चेअरलिफ्टमध्ये) बसण्याआधी पाठपिशवीचे लोंबणारे पट्टे आत खोचा. आकडीचा त्रास असेल तर उघड्या पाळण्यात एकट्यानं बसू नका, आणि चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

संवेदना कमी असलेल्यांनी दर तासाभरानं बूट काढून पाय डोळ्यांनी बघायचे, दुखण्याची वाट पाहायची नाही. बोटं पांढरी, मेणचट दिसली तर चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीजवळ धरू नका. आत जा, कोरडं करा, मदत बोलवा.

संध्याकाळी बुटातला मऊ भाग काढून खोलीत वाळत ठेवा, पण हीटरला टेकवून नको. इन्सुलिन खिडकीच्या कठड्यावर ठेवू नका, रात्री काचेजवळ ते गोठतं. आणि हेल्मेटला दिवसभरात एखादा जोरदार मार बसला असेल तर तडा दिसला नाही तरी दुसऱ्या दिवशी ते घालू नका.